एनॅमल प्रथिने आणि दातांच्या मुळांचे आरोग्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनॅमल तर दाताच्या वरच्या भागावर असते. त्याच्या प्रथिनांचा मुळाशी काय संबंध?

पूर्ण तयार झालेल्या दातात जवळजवळ काहीच नाही. हिरडीबाहेर दिसणाऱ्या मुकुटावर एनॅमल, हाडात रुतलेल्या मुळावर सिमेंटम आणि दोन्हींच्या आत डेंटिन, अशी वाटणी ठरलेली असते. तयार एनॅमलमध्ये वजनाच्या सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि प्रथिन नावापुरते उरते.

संबंध येतो तो दात घडत असताना. अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी आधी प्रथिनांचा मऊ साचा घालतात. त्या साच्यात खनिजाचे स्फटिक वाढत जातात आणि एमएमपी-२० व केएलके-४ ही दोन विकरे साचा हळूहळू तोडून काढतात. मुकुट पुरा झाला की याच पेशीथराची कडा दोन पदरी होऊन खाली वाढते. हे हर्टविगचे आवरण. मुळाची लांबी, वळण, मुळे किती फुटणार, हे सगळे त्याच्या वाढीवर ठरते. मुळाचे पहिले डेंटिन तयार झाले की आवरण जागोजागी फाटते, बाहेरच्या दंतपिशवीतील पेशी त्या फटींतून डेंटिनपर्यंत पोहोचतात आणि त्यांतल्या काही सिमेंटम बनवायला लागतात. आवरणाचे उरलेले पुंजके आयुष्यभर मुळाभोवती राहतात. त्यांना मालासे पेशीपुंज म्हणतात.

या फाटण्याच्या सुमारास आवरणातील पेशी डेंटिनवर एनॅमलसदृश प्रथिने सोडतात आणि सिमेंटम बनवण्याचा इशारा त्यांतून मिळतो, ही कल्पना १९७० च्या दशकात मांडली गेली. पुढे स्वीडनमधील लार्स हामरस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी तिच्यावर काम करून १९९७ मध्ये माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मुळावरचे हाड आणि सिमेंटम काढून तिथे एनॅमलच्या साच्यातील प्रथिने लावली, तेव्हा नवे सिमेंटम मुळाला घट्ट चिकटून तयार झाले. आज हिरडीच्या शस्त्रक्रियेत मुळावर लावले जाणारे, याच प्रथिनांचे जेल (एमडोगेन) यातूनच आले.

ही कल्पना सिद्ध झाली आहे का?

अर्धीमुर्धी. अमेलोजेनिन या साच्यातील मुख्य प्रथिनाचे जनुक बंद केलेल्या उंदरांमध्ये एनॅमल पातळ व सदोष होतेच, शिवाय वाढत्या वयात मुळावरचे सिमेंटम झिजू लागते आणि हाड खाणाऱ्या पेशी तिथे जास्त दिसतात. म्हणजे अमेलोजेनिनचा मुळाच्या रक्षणाशी काही संबंध नक्की आहे. उलट बाजूला, घडत्या मुळावर ही प्रथिने प्रत्येक प्रजातीत आणि प्रत्येक टप्प्यावर सापडत नाहीत. अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा या आनुवंशिक विकारात मुकुटाचे एनॅमल फार खराब असते, तरी मुळे बहुधा नेहमीसारखीच असतात. अमेलोजेनिन हाच सिमेंटमचा एकमेव इशारा असता, तर असे झाले नसते.

जेल उपयोगी पडते हे रुग्णांवरील अभ्यासांतून कळले आहे. ते मुळाच्या मूळच्या घडणीची नक्कल करते म्हणूनच उपयोगी पडते की आणखी कशाने, हा वेगळा प्रश्न आहे. जाहिरातीत मात्र दोन्ही एकाच वाक्यात येतात.

एनॅमल प्रथिने म्हणजे नेमकी कोणती?

घडत्या एनॅमलच्या साच्यात सुमारे ९० टक्के वाटा एकट्या अमेलोजेनिनचा असतो. उरलेल्यांत अमेलोब्लास्टिन आणि एनॅमेलिन ही मुख्य. माणसात अमेलोजेनिनचे जनुक एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांवर असते आणि दोन्ही प्रतींची लांबी थोडी वेगळी असते. म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत डीएनएवरून स्त्री की पुरुष हे ठरवायला हेच जनुक तपासतात. मुळाशी याचा संबंध नाही, पण दंतवैद्यकाबाहेर या प्रथिनाचे नाव ऐकू आले तर बहुधा याच कारणाने.

मुळाचे आरोग्य म्हणजे काय?

तीन गोष्टी शाबूत असणे : सिमेंटम, त्याला हाडाशी बांधणारे तंतू आणि हाड. सिमेंटम दाताच्या मानेजवळ, म्हणजे मुकुट आणि मूळ जुळतात तिथे, फक्त २० ते ५० मायक्रॉन जाड असते आणि टोकाकडे १५० ते २०० मायक्रॉनपर्यंत जाते. तंतूंची जागा साधारण ०.२ मिलिमीटर रुंद असते. तंतूंचे एक टोक सिमेंटममध्ये आणि दुसरे हाडात पुरलेले असते. हिरडीच्या आजारात, म्हणजे लोक ज्याला पायरिया म्हणतात त्या पेरिओडॉन्टायटिसमध्ये, हे तिन्ही एकाच वेळी जातात. मुळावर जिवाणूंचा थर (प्लाक) आणि तो कडक होऊन झालेला दगड बसतो, तंतू तुटतात, हाड खाली सरकते आणि हिरडी व मूळ यांच्यात खोल पॉकेट तयार होते.

चांगली सफाई केली की हे सगळे परत वाढत नाही का?

नाही, आणि या जेलची गरज इथेच निर्माण होते. स्केलिंग आणि रूट प्लॅनिंगनंतर, म्हणजे दगड काढून मूळ साफ केल्यावर, सूज उतरते, पॉकेट उथळ होते, दात टिकतो. पण जखम भरताना हिरडीच्या आतल्या त्वचेच्या पेशी सर्वांत वेगाने सरकतात आणि साफ केलेल्या मुळावर आधी त्याच पसरतात. त्यांनी मूळ झाकले की तंतू आणि सिमेंटम बनवणाऱ्या पेशींना जागा उरत नाही. हिरडी मुळाला चिकटलेली दिसते, पण ते चिकटणे त्वचेचे असते, तंतूंचे नव्हे. याला दुरुस्ती म्हणतात. पुनर्निर्मिती म्हणायचे तर नवे सिमेंटम, नवे हाड आणि दोघांत पुरलेले नवे तंतू हवेत.

पूर्वी यावर उपाय म्हणून मूळ आणि हिरडी यांच्यामध्ये पडदा घालून त्वचेच्या पेशी अडवल्या जात. एनॅमल प्रथिने तेच काम वेगळ्या मार्गाने करतात.

जेल मुळावर गेल्यावर काय घडते?

अमेलोजेनिन आम्ल द्रावणात विरघळते. जेलचा वाहक, प्रोपिलीन ग्लायकॉल अल्जिनेट, त्याला आम्ल आणि घट्ट स्थितीत धरून ठेवतो. तोंडातील ऊती साधारण ७.४ पीएच आणि ३७ अंश सेल्सिअसला असतात. तिथे पोहोचताच अमेलोजेनिन विरघळलेले राहत नाही. त्याचे सूक्ष्म गोळे एकत्र येऊन मुळावर न विरघळणारा थर बसतो आणि वाहक काही वेळात धुऊन जातो. प्रथिनांचा थर मात्र मुळावर दोन आठवडे, काही नमुन्यांत चार आठवड्यांपर्यंत दिसला आहे.

प्रयोगशाळेत या थरावर तंतू बनवणाऱ्या पेशी जास्त चिकटतात, जास्त वाढतात आणि टीजीएफ-बीटासारखी वाढघटके सोडतात. त्वचेच्या पेशींची वाढ मात्र मंदावते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन आठवडेच मुळावर कोण आधी पोहोचणार हे ठरवतात, त्यामुळे एवढा टिकाव पुरतो. वाहकाचा जिवाणूंवरही थोडा परिणाम होतो, पण त्याच्या भरवशावर सफाई कमी करायची नसते.

यामुळे मुळावर एनॅमल तयार होते का?

नाही. एनॅमल फक्त अमेलोब्लास्ट बनवू शकतात आणि दात उगवताना त्या नष्ट झालेल्या असतात. जेल म्हणजे गोंद नव्हे, हाडाची भुकटी नव्हे आणि सैल दात आवळणारे औषधही नव्हे.

खरे तर मुळावर एनॅमल असणे ही मुळासाठी वाईट गोष्ट आहे. काही दाढांमध्ये एनॅमलची जीभ मानेवरून खाली, दोन मुळांच्या फाट्याकडे उतरते. काहींत फाट्याजवळ एनॅमलचा छोटा मणी असतो. एनॅमलमध्ये तंतू पुरले जात नाहीत, त्यामुळे त्या पट्ट्यावर हिरडीची पकड कच्ची राहते आणि जिवाणूंना फाट्यापर्यंत सरळ वाट मिळते. अशा दाढेवर जेल वापरायचे असेल तर आधी तो पट्टा किंवा मणी बारीक डायमंड बरने घासून काढावा लागतो. तो तसाच ठेवून वर प्रथिने लावली तर तिथे काहीही जुळत नाही. एक्स-रेवर मणी बऱ्याचदा दगडासारखा दिसतो. दोन-तीनदा स्केलिंग करूनही तो ‘दगड’ निघत नसेल, तर एनॅमलचा संशय घ्यावा.

कोणत्या रुग्णाला आणि कोणत्या दाताला याचा फायदा होतो?

निकाल इथेच ठरतो, शस्त्रक्रियेच्या टेबलावर नंतर फार थोडे उरते. आधी सफाईचा टप्पा पूर्ण करून दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप करावे. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शिकेप्रमाणे, खोल पॉकेट उरले असेल आणि त्यासोबत हाडातील उभा खड्डा ३ मिलिमीटर किंवा जास्त खोल असेल, तर पुनर्निर्मितीची शस्त्रक्रिया सुचवावी. शब्द ‘उभा’ आहे, त्याकडे लक्ष द्यावे. सगळ्या दातांभोवती हाड सारखेच खाली गेले असेल, तर या जेलने ते वर येत नाही. रुग्णांचा सर्वाधिक भ्रमनिरास याच ठिकाणी होतो.

खड्ड्याचा आकार पुढचे ठरवतो. तीन बाजूंनी हाडाच्या भिंती आणि चौथ्या बाजूला मूळ, असा अरुंद व खोल खड्डा सर्वांत चांगला. एकच भिंत उरली असेल तर हिरडी आत कोसळते आणि रक्ताची गुठळी टिकत नाही. एक्स-रेवर मुळाची रेषा आणि खड्ड्याच्या भिंतीची रेषा यांच्यातला कोन मोजता येतो. तो २२ अंश किंवा कमी असेल तर एकट्या जेलकडून चांगली अपेक्षा ठेवता येते. ३६ अंश किंवा जास्त असेल तर ती शक्यता बरीच घटते.

खालच्या दाढांमधील दुसऱ्या श्रेणीच्या फाट्यांतही, म्हणजे प्रोब (खोली मोजण्याची बारीक सळई) आत जातो पण आरपार निघत नाही तिथे, जेलचे निकाल पडद्याच्या तोडीस उतरले आहेत आणि शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे व सूज कमी राहिली आहे. आरपार गेलेल्या फाट्यात मात्र ते वापरू नये.

दाताची स्थिती तपासताना दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, दाताची नस जिवंत आहे का. नस मेली असेल तर मुळाच्या टोकाचा संसर्ग खड्ड्याला येऊन मिळतो, म्हणून रूट कॅनल आधी हवे. दुसरी, हालचाल. दात आडव्या दिशेने १ मिलिमीटरहून जास्त हलत असेल तर शस्त्रक्रियेआधी त्याला शेजारच्या दातांशी जोडून स्थिर करावे. गुठळी रोज हलत राहिली तर तंतू बसत नाहीत.

रुग्णाच्या बाजूने : तोंडातील प्लाक आणि रक्त येणाऱ्या जागा दोन्ही २० टक्क्यांखाली असाव्यात, मधुमेह आटोक्यात असावा आणि धूम्रपान बंद असावे. धूम्रपान करणाऱ्यांत तंतूंची जोडणी स्पष्टपणे कमी मिळते. ‘शस्त्रक्रियेनंतर सोडतो’ या आश्वासनावर तारीख देण्यापेक्षा आधी सोडायला सांगून मग तारीख द्यावी.

शस्त्रक्रिया नेमकी कशी करतात?

जेलची सिरिंज पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला साठवावी. फ्रिजमध्ये ठेवली असेल तर वापराच्या सुमारे अर्धा तास आधी बाहेर काढावी, कारण थंड जेल घट्ट असते आणि बारीक सुईतून नीट येत नाही. सिरिंज एकाच रुग्णासाठी असते, उरलेले जेल टाकून द्यायचे. प्रथिनांचे प्रमाण प्रति मिलिलिटर ३० मिलिग्रॅम असते. एका-दोन खड्ड्यांना ०.३ मिलिलिटरची सिरिंज सहसा पुरून उरते.

भूल दिल्यावर दोन दातांमधली हिरडीची टोके जपणारे चिरे घ्यावेत आणि फ्लॅप, म्हणजे हिरडीचा पदर, गरजेपुरताच उचलावा. टोक कापले गेले तर शेवटी जखम वरून उघडी राहते आणि खालची सगळी मेहनत वाया जाते. खड्ड्यातला लालसर मऊ ऊतींचा भराव पूर्ण काढावा. मग हाताची अवजारे आणि अल्ट्रासॉनिक वापरून मूळ स्वच्छ व गुळगुळीत होईपर्यंत साफ करावे. भिंगातून पाहिल्यास हाडाच्या कडेखाली लपलेला दगड दिसतो, नुसत्या डोळ्यांना तो चुकतो.

आता मुळावर २४ टक्के ईडीटीए (खनिज सोडवणारे रसायन) असलेले वेगळे जेल, साधारण उदासीन पीएचचे, दोन मिनिटे ठेवावे. त्याने सफाईत बसलेला भुकटीचा थर निघतो आणि डेंटिनमधील कोलॅजेन उघडे पडते. पूर्वी सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल वापरत, पण त्यांचा पीएच फार कमी असल्याने आजूबाजूच्या ऊती भाजतात. ईडीटीएमुळे अंतिम निकाल किती सुधारतो यावर अभ्यासांत एकमत नाही. तरी बहुतेक शस्त्रक्रियांत ही पायरी ठेवतात. ती ठेवायची असेल तर निर्जंतुक सलाइनने भरपूर धुणे टाळू नये.

यापुढचे एक मिनिट सर्वांत नाजूक असते. धुतल्यानंतर मूळ रक्त व लाळ यांच्यापासून कोरडे ठेवून लगेच प्रथिनांचे जेल लावावे. सुरुवात खड्ड्याच्या तळाशी करावी आणि वर मानेकडे यावे. उघड्या मुळाचा प्रत्येक भाग झाकला गेला पाहिजे, जास्तीचे जेल बाहेर ओघळले तरी चालते. जेल लावण्याआधी टाके घालून तयार ठेवले तर फ्लॅप तत्काळ बंद करता येतो. हिरडी ताण न देता पूर्ण मिटली पाहिजे. टाक्यांसाठी ५-० किंवा ६-० चा, पाणी न शोषणारा एकपदरी धागा घ्यावा. रेशमाच्या धाग्यात जिवाणू साठतात.

काय चुकते आणि का?

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे रक्ताने माखलेल्या मुळावर जेल लावणे. रक्तातील प्रथिने आधी चिकटली की अमेलोजेनिनचा थर मुळावर धड बसत नाही. खड्ड्यातून रक्त येतच असेल तर बहुतेक वेळा ऊतींचा भराव आत राहिलेला असतो. तो काढला की रक्तस्राव कमी होतो. नुसता गॉज दाबून धरल्याने तेवढ्यापुरतेच थांबते.

दुसरी चूक, जेलला भरणा समजणे. जेल खड्ड्याची जागा धरून ठेवत नाही. रुंद, एक किंवा दोन भिंतींच्या खड्ड्यात हिरडी आत बसते आणि वाढीला जागाच उरत नाही. अशा ठिकाणी हाडाची भुकटी जोडावी, पण क्रम पाळावा : आधी कोरड्या मुळावर जेल, मग भुकटी. भुकटी आधी भरून वरून जेल ओतले तर प्रथिने मुळापर्यंत पोहोचतच नाहीत. अरुंद, तीन भिंतींच्या खड्ड्यात भुकटीने फारसा वाढीव फायदा होत नाही, उलट ती गच्च भरल्याने रक्तपुरवठ्याची जागा अडते.

जखम उघडणे ही तिसरी अडचण. तिचे कारण बहुधा ताणलेला फ्लॅप किंवा फाटलेले टोक असते. पडदा वापरलेल्या जागी जखम उघडली तर पडदा उघडा पडून संसर्ग होतो. जेलमध्ये उघडे पडायला काही नसते, म्हणून त्रास कमी होतो, पण जोडणीही कमी मिळते.

आणि घाई. सहा महिन्यांच्या आत पॉकेटमध्ये प्रोब घालून पाहणे म्हणजे नुकते बसत असलेले तंतू स्वतःच्या हाताने तोडणे.

टाके न घालता, फ्लॅप न उचलता हे जेल वापरता येते का?

सफाईनंतर पॉकेटमध्ये जेल सोडण्याची पद्धत आहे. सूज आणि रक्त येणे थोडे जास्त लवकर कमी झालेले काही अभ्यासांत दिसते. पण मूळ डोळ्यांनी दिसत नाही, कोरडे करणे अवघड जाते आणि खोल खड्डा आंधळेपणाने साफ होत नाही. मध्यम खोलीच्या, साध्या मुळाच्या दातांपुरता याचा विचार करावा. शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून नाही.

निकाल किती मिळतो? आकड्यांत सांगा.

एक दात, माणसाचा, १९९७ : काढायच्या ठरलेल्या खालच्या पुढच्या दातावर मुद्दाम खड्डा करून जेल लावले आणि चार महिन्यांनी दात भोवतालच्या ऊतींसह काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. नवे सिमेंटम आणि नवे हाड दोन्ही होते. नंतरच्या मानवी नमुन्यांत चित्र इतके स्वच्छ नाही. काहींत खरी पुनर्निर्मिती दिसते, काहींत सिमेंटम मुळापासून सुटलेले, काहींत नुसते त्वचेचे चिकटणे.

रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यास एकत्र केलेल्या, कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात, फक्त फ्लॅप करण्यापेक्षा जेल घातल्यावर सरासरी सुमारे १.१ मिलिमीटर जास्त जोडणी मिळाली आणि पॉकेटची खोली सुमारे ०.९ मिलिमीटर जास्त घटली. काटेकोर अभ्यासच तेवढे घेतले तर फरक आणखी लहान होतो. पडद्याच्या तुलनेत मोठा फरक आढळला नाही, गुंतागुंत मात्र कमी. एक मिलिमीटर थोडा वाटतो. पण ७ मिलिमीटरचे पॉकेट ४ वर आले तर ते रोज घरी स्वच्छ ठेवता येते, ५ वर अडकले तर अवघड. म्हणून योग्य खड्ड्यात त्या एका मिलिमीटरला किंमत आहे आणि चुकीच्या खड्ड्यात नाही.

हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले आहे, ठणकते. त्यावर चालते का?

चालते, पण एकटे नाही. हिरडी वर ओढून मूळ झाकण्याच्या शस्त्रक्रियेत जेल जोडले तर नुसत्या ओढण्यापेक्षा मूळ जास्त प्रमाणात पूर्ण झाकले जाते. टाळूची जोडऊती घेऊन केलेली शस्त्रक्रिया अजूनही पहिली निवड समजली जाते. जेलचा फायदा असा की टाळूवर दुसरी जखम होत नाही. दोन दातांमधले हाड आणि हिरडीचे टोक शाबूत असेल तरच पूर्ण झाकले जाण्याची आशा धरावी. फक्त ठणका हीच तक्रार असेल तर आधी संवेदनशीलतेची टूथपेस्ट, फ्लोराइड वार्निश आणि घासण्याची पद्धत सुधारून पाहावी.

शस्त्रक्रियेनंतर घरी काय करायचे?

त्या जागी तीन ते चार आठवडे ब्रश लावायचा नाही. दोन दातांमधला ब्रश आणि फ्लॉस तर त्याहून उशिरा, डॉक्टरांनी सांगितल्यावरच. तोवर ०.१२ किंवा ०.२ टक्के क्लोरहेक्झिडीनचा (जंतुनाशक) द्रव दिवसातून दोनदा, एकेक मिनिट नुसता तोंडात फिरवावा, खळखळून चूळ भरू नये. दात पिवळट-तपकिरी होतील आणि चव बदलेल. ते तात्पुरते असते. बाकीच्या दातांना ब्रश नेहमीसारखा चालू ठेवावा.

पहिले दोन दिवस बाहेरून थंड शेक, मऊ खाणे, दुसऱ्या बाजूने चावणे. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. नंतर पहिले काही महिने दर महिन्याला वरवरची सफाई आणि पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी. ओठ उचलून जखम रोज आरशात पाहण्याची सवय टाळावी, त्याने टाके ताणले जातात. दोन-तीन दिवसांनंतर सूज उतरण्याऐवजी वाढत असेल, पू दिसत असेल किंवा ताप असेल तर ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये.

एक्स-रेवर हाड भरलेले दिसायला सहा महिने ते वर्ष लागते. तिसऱ्या महिन्यातल्या एक्स-रेवरून निराश होण्याचे कारण नाही.

जेल कशापासून बनवतात? शाकाहारी किंवा धर्माने वर्ज्य मानणाऱ्यांनी काय करावे?

डुकराच्या पिल्लांच्या, न उगवलेल्या दातांच्या अंकुरांपासून. अमेलोजेनिनची रचना सस्तन प्राण्यांमध्ये बरीच सारखी असल्याने माणसाचे शरीर त्याला सहसा परके मानत नाही. पुन्हा दुसऱ्या दाताला वापरल्यावरही ॲलर्जीच्या गंभीर तक्रारी क्वचितच. हे उत्पादन एमडोगेन या नावाने स्वीडनमधील बायोरा कंपनीने आणले, अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली, आणि पुढे कंपनी स्ट्राउमनकडे गेली.

प्राण्याचा उगम संमतिपत्रात लिहिलेला असावा आणि तोंडीही सांगावा. नको असेल तर रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातून काढलेले पीआरएफ, किंवा प्रयोगशाळेत तयार केलेले पीडीजीएफ हे वाढघटक, हे पर्याय आहेत. एक सावधगिरी : ‘मग पडदा घालू’ म्हटले तर तोही बहुधा डुकराच्या किंवा गायीच्या कोलॅजेनचा असतो आणि हाडाची भुकटी अनेकदा गायीची. प्रत्येक साहित्याचा उगम वेगळा विचारावा.

अपघाताने निखळलेल्या दातावर लावून परत बसवला तर मूळ वाचते का?

आशा होती, पण टिकली नाही. दात तासाभराहून जास्त कोरडा राहिला की मुळावरच्या पेशी मेलेल्या असतात. अशा दातावर एनॅमल प्रथिने लावूनही मूळ विरघळणे आणि हाडाला जखडणे थांबले नाही. दात निखळल्यास मुळाला हात न लावता, मुकुटाला धरून, मळ असेल तर क्षणभर धुऊन लगेच जागेवर बसवावा. जमत नसेल तर दुधात ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जावे. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

एनॅमल प्रथिने असलेली टूथपेस्ट मुळांसाठी घ्यावी का?

मुळांसाठी नाही. टूथपेस्ट पॉकेटच्या तळापर्यंत जात नाही, काही मिनिटांत धुऊन जाते आणि वर सांगितलेली कोरड्या, स्वच्छ मुळाची अट तिथे कधीच पूर्ण होत नाही. एनॅमलच्या साच्यासारखी जाळी करणारी काही पेप्टाइडे मुकुटावरच्या सुरुवातीच्या पांढऱ्या डागांवर दवाखान्यात वापरतात. त्यांचा हिरडीच्या जोडणीशी संबंध नाही.

उघड्या मुळाला खरा धोका किडीचा. एनॅमल साधारण ५.५ पीएचखाली विरघळू लागते, मुळाचे डेंटिन त्याआधीच, ६ ते ६.७ च्या दरम्यान. म्हणजे मुकुटाला काही होणार नाही इतक्या सौम्य आम्लातही मूळ झिजते. अशा मुळांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ५००० पीपीएम फ्लोराइडची टूथपेस्ट, रात्री घासून फक्त थुंकायचे, पाण्याने चूळ भरायची नाही. मऊ ब्रश आणि गोड खाण्याच्या वेळा कमी करणे सोबत हवेच. सुरू झालेल्या किडीवर ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावता येते. त्याने कीड थांबते पण डाग कायमचा काळा पडतो, त्यामुळे पुढच्या दातांवर लावण्याआधी हे स्पष्ट विचारून घ्यावे.